न पडलेल्या पावसाने पुढे गेलेली तोड

डिसेंबरातली सकाळ, साडेसात वाजले असतील. साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसातून फोन आला. "साहेब, आमच्या एका चिटबॉयकडं उद्याची यादी आलीया. त्यात तीन खोडव्यांची तोड पाच दिवस पुढं गेलीया. ढकलली कुणी?" (चिटबॉय म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस.)

मी झोपेतच म्हटलं, पावसामुळे प्रोग्रॅमने ढकलली असेल.

पलीकडे जरा शांतता. मग, "पाऊस कुठं पडलाय ओ?"

पाऊस पडलाच नव्हता. आदल्या दिवशी दुपारी त्यांच्याच ऑफिसातल्या कुणीतरी आमच्या प्रोग्रॅमला विचारलं होतं की, समजा या गटात अवकाळी झाला आणि पाच दिवस गाडी रानात जाईना, तर काय करायचं? उत्तर बघितलं, खिडकी बंद केली. मंजूर काहीच केलं नव्हतं. तरीही तो ‘समजा’चा पाऊस रात्रीतून खऱ्या यादीत झिरपला होता.

तिथवर आम्ही कसे पोचलो आणि तिथून बाहेर कसे आलो, त्याची ही नोंद. विषय कॉपी-ऑन-राइटचा. म्हणजे नक्कल आधीच करून ठेवायची नाही. मूळ एकच, सगळ्यांनी मिळून वाचायचं. ज्याला त्यात काही लिहायचं असेल त्याने, लिहायच्या क्षणी, तेवढ्याच तुकड्याची नक्कल करून घ्यायची. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की ‘काऊ’ होतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापुरात गाईचे गोडवे गायचे म्हणजे जरा अवघडच, पण इलाज नाही.

काम काय होतं

आमचं ऑफिस राजारामपुरीत, माणसं चार. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यासाठी तोडणी कार्यक्रम बसवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहिला. शेतकरी लागण केली की कारखान्याकडे नोंद देतो: गाव, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. जुलै-ऑगस्टची असेल तर आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, डिसेंबर मध्यापासून फेब्रुवारी मध्यापर्यंतची सुरू, आणि तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला तो खोडवा. कारखाना सुरू झाला की रोज ठरलेले टन गव्हाणीत (मिलच्या तोंडाशी ऊस टाकतात तिथे) पडलेच पाहिजेत. कमी पडले तर ‘नो केन’ होऊन मिल थांबते. जास्त तुटला तर ट्रॉल्या वजनकाट्याबाहेर उन्हात तिष्ठत राहतात, ऊस वाळतो, साखरेचा उतारा घसरतो. कुठल्या नोंदीला कुठल्या दिवशी कुठली ऊसतोड टोळी, हे कोडं रोज नव्याने बसवावं लागतं.

आमच्याकडच्या नोंदी सुमारे ४०,०००, कारखान्याचे गट १६. (हा गट म्हणजे गट ऑफिसचा गट. जमिनीचा गट नंबर वेगळा. पहिल्या महिन्यात आमच्याच पोरांनी या दोन्हींची सरमिसळ करून ठेवली होती.) प्रत्येक नोंदीला वीसेक रकाने. शिवाय टनेजचा अंदाज काढायला मागच्या तीन हंगामांतल्या काट्यावरच्या खेपा.

प्रोग्रॅम पायथॉन या भाषेत. प्रत्येक नोंद एक ऑब्जेक्ट (माहितीचं एक गाठोडं), प्रत्येक खेप एक ऑब्जेक्ट. लिहायला सोपं, वाचायला सोपं. ‘समजा’वाला प्रश्न आला की चालू कार्यक्रमाची पूर्ण नक्कल घ्यायची, तिच्यात बदल करायचे, दिवसाचे टन जुळतात का बघायचं. एका प्रश्नाला असे ३०० पर्याय तपासले जात. नकलेसाठी पायथॉनचं तयार डीपकॉपी होतं आणि एका नकलेला दोन-सव्वादोन सेकंद लागत. म्हणजे ३०० पर्यायांना दहा मिनिटं नुसती नकला काढण्यात. विचार करायचा वेळ वेगळा.

डीपकॉपी आकडे आणि अक्षरमाला (स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे) उचलून तशाच वापरतं, कारण त्या बदलूच शकत नाहीत. पण तारखेचा ऑब्जेक्ट त्या यादीत बसत नाही, तो ते नव्याने घडवतं. लागणीची तारीख हंगामभर कुणी बदलत नाही. तरी एका प्रश्नाला ४०,००० गुणिले ३००, म्हणजे १ कोटी २० लाख लागणी आम्ही कागदावर पुन्हा करत होतो. शेतकी अधिकारी एकदा म्हणाले, "प्रश्न विचारून आम्ही चहा पिऊन येतोय, परत आलं तरी ते गोल फिरतंयच की ओ." त्यांचा सूर चांगला होता. हंगाम सुरू झाल्यावर तो तसा राहिला नसता.

मेमरीची गतही तीच. एक नक्कल सुमारे ५० एमबी. बरे वाटणारे ४० पर्याय हाताशी ठेवायचो, त्याचे २ जीबी. प्रोग्रॅमच्या चार प्रोसेस चालायच्या आणि प्रत्येक आपापला नोंदी-खेपांचा मूळ साठा स्वतंत्र लोड करायची. तो १.२ जीबी, चौघांचा मिळून ४.८. मशीन ८ जीबीचं, त्यातच डेटाबेस.

पहिला उपाय: एकत्र कुटुंब

सगळ्यात स्वस्त उपाय आधी करून बघावा, हा आमच्या ऑफिसचा नियम. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फोर्क केलं की बापाच्या प्रोसेसमधून लेकाची प्रोसेस जन्मते आणि दोघांची मेमरी सुरुवातीला एकच असते. जुन्या युनिक्समध्ये फोर्क म्हणजे खरोखरची पूर्ण नक्कल होती. ती इतकी महाग पडायची की १९७९ च्या ३बीएसडीत (युनिक्सच्या एका आवृत्तीत) व्हीफोर्क नावाची पळवाट काढावी लागली. आता तसं नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फक्त मेमरीच्या पानांची यादी, म्हणजे पेज टेबल, कॉपी करतं आणि दोघांच्याही यादीत प्रत्येक पानावर ‘फक्त वाचा’ असा शिक्का मारतं. एक पान ४,०९६ बाइटचं. १.२ जीबीची साधारण तीन लाख पानं, प्रत्येकाची नोंद ८ बाइट, म्हणजे यादी अडीच एमबीच्या आत. कुणी लिहायला गेलं की प्रोसेसर अडवतो, कर्नल तेवढ्या एका पानाची नक्कल करून देतं आणि म्हणतं, आता लिही.

एकत्र कुटुंबासारखं आहे हे. रान एकच, चूल एकच. ज्याला वेगळं पेरायचंय त्याला तेवढ्या तुकड्याची वाटणी, बाकी सामाईक.

तर बापाने मूळ साठा एकदा लोड करायचा आणि मग चार लेकरं फोर्क करायची. ४.८ जीबीच्या जागी १.२ आणि वर थोडं. बदल पंधरा ओळींचा. डेटाबेसचं कनेक्शन मात्र फोर्कनंतर प्रत्येकाने आपलं आपण उघडायचं, नाहीतर दोघं एकाच सॉकेटवर (जोडणीवर) बोलायला लागतात. ते आम्हाला आधीच एकदा महागात पडलं होतं.

पहिली काही मिनिटं मेमरी शांत. मग चढायला लागली. आधी वाटलं टॉप (मेमरी दाखवणारी कमांड) खोटं बोलतंय, आणि ते खरंच फसवं आहे: त्याचा आरएसएस आकडा सामाईक पानं प्रत्येकाच्या खात्यावर पुन्हा पुन्हा मोजतो. चौघांची बेरीज केली तर मशीनमध्ये आहे त्याहून जास्त मेमरी भरते. खरा हिशेब लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या स्मॅप्स फाइलीत असतो. तिथे पीएसएस म्हणजे सामाईक पान वाटेकऱ्यांत भागून आलेला हिस्सा, आणि प्रायव्हेट डर्टी म्हणजे लिहिल्यामुळे वाटणी होऊन गेलेली पानं. आमचा प्रायव्हेट डर्टी चढत होता. पहिल्याच प्रश्नानंतर निम्म्याहून जास्त पानं खासगी झालेली.

पण लेकरं तर नोंदी नुसत्या वाचत होती! लिहीत कोण होतं?

पायथॉन लिहीत होतं. तिथे प्रत्येक ऑब्जेक्टच्या डोक्यावर एक आकडा असतो, याच्याकडे सध्या किती जण बोट दाखवताहेत त्याचा. वाचायला हातात घेतलं की तो एकाने वाढतो, सोडलं की घटतो. तलाठ्याकडे उतारा नुसता बघायला गेलात तरी त्याच कागदाच्या कोपऱ्यात सही करून यायची, असला हा प्रकार. कागदावरचा मजकूर बदलत नाही, पण कागद कोरा राहिला असंही म्हणता येत नाही. कर्नलला सही आणि मजकूर यातला फरक कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की पानावर लेखणी टेकली. एका पानात डझनावारी ऑब्जेक्ट, त्यातल्या एकाकडे बघितलं तरी अख्ख्या पानाची वाटणी.

हे दुखणं जुनं आहे. रुबी नावाच्या भाषेचा गार्बेज कलेक्टर (नको झालेले ऑब्जेक्ट झाडून काढणारा भाग) आपल्या खुणा ऑब्जेक्टच्याच अंगावर मारायचा. २०१३ साली रुबी २.० मध्ये त्या खुणा वेगळ्या तक्त्यात नेल्या, ते याच कारणाने. इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये पायथॉनचा गार्बेज कलेक्टर बंद करून टाकला आणि पुढे त्यांच्याच कामातून पायथॉन ३.७ मध्ये जीसी फ्रीझ (आधीच्या ऑब्जेक्टना कलेक्टरने हात लावू नये अशी सूचना) आलं. आम्ही फोर्कच्या आधी जीसी फ्रीझ लावून बघितलं. कलेक्टरचा त्रास गेला, सह्यांचा राहिला. पायथॉन ३.१२ ने काही ऑब्जेक्टना ‘अमर’ करून त्यांच्यावरची सही बंद केली आहे, पण ती सवलत नन (‘काहीच नाही’), ट्रू (‘खरं’), लहान आकडे यांच्यासारख्या भाषेच्या घरच्या मंडळींना. आमच्या खोडव्याला नाही.

कोण लिहितंय त्याची हजेरी

इथे आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. त्याने नोंदीच्या क्लासवर सापळा लावला: कुठल्याही रकान्यात कुणी काही लिहिलं की रकान्याचं नाव आणि लिहिणाऱ्या ओळीचा पत्ता वहीत उतरायचा. सेट-ॲट्रिब्यूटची पद्धत ओव्हरराइड केली की हे जमतं. अर्ध्या दिवसाचं काम.

वही उघडली तर वीस रकान्यांपैकी फक्त तीन बदलत होते: तोडीचा दिवस, टोळी आणि स्थिती. बाकीचे सतरा हंगामभर दगडासारखे. आणि या विसांच्या बाहेरचा एक चौथा, ज्याची कुणी कल्पनाच केली नव्हती. ‘अंदाजी टनेज’ वाचणारं एक फंक्शन पहिल्यांदा विचारल्यावर हिशेब करायचं आणि पुढच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून तो नोंदीतच लिहून ठेवायचं. नावाने वाचणारं, कर्माने लिहिणारं. लिहिणाऱ्याचं नाव बघितलं तर माझंच. ते उचलून वेगळ्या तक्त्यात नेलं.

या प्रकरणात मला सांगायचं असं काही असेल तर ते या वहीत आहे. आम्ही आठवडाभर ‘नक्कल कशी वाचवावी’ यावर डोकं लढवत होतो, आणि हवी होती ती लिहिणाऱ्यांची यादी. ती हाती आली तेव्हा अर्धी नक्कल करायचं कारणच उरलं नाही.

मग सतरा रकाने बाजूला काढून नम्पायच्या (पायथॉनसाठीची आकडेमोडीची लायब्ररी) सलग रकान्यांत ठेवले, खेपाही तशाच. इथे एक फायदा अंगचाच मिळतो. ४०,००० आकड्यांच्या एका नम्पाय रकान्याच्या डोक्यावर सह्यांचा आकडा एकच, आतल्या आकड्यांवर नाही. त्यामुळे फोर्कनंतर ती पानं सामाईकच राहिली आणि पहिला उपाय आता कुठे लागू पडला. गावांची आणि शेतकऱ्यांची नावं तेवढी यादी छापताना लागतात, म्हणून त्यांच्या जागी कोड.

बदलणारे तीन रकाने: दिवसाला २ बाइट, टोळीला २, स्थितीला १. नोंदीमागे ५ बाइट, ४०,००० नोंदींचे २०० केबी. ५० एमबीची नक्कल २०० केबीवर आली.

धाकटा म्हणाला, "सर, मग आता सरळ कॉपी मारूया की. कशाला पाहिजे ते काऊबिऊ?"

त्याचं बरोबर होतं. ३०० पर्यायांचे मिळून ६० एमबी. प्रोसेसरला ते चिल्लर आहे. दोन दिवस आम्ही तसंच चालवलं आणि मी खरंच समाधानी होतो. कॉपी-ऑन-राइट ही काही पूजेची मूर्ती नाही. सी++ या भाषेच्या अक्षरमालांनाच बघा. जीसीसी कंपायलर त्या वर्षानुवर्षं अशाच वाटून वापरत असे. पण २०११ च्या मानकाचे नियम त्या पद्धतीला जागाच ठेवत नव्हते, आणि २०१५ च्या जीसीसी ५ पासून ती सोडावी लागली. लहान वस्तू असेल तर सरळ नक्कल करून मोकळं व्हावं.

तिसऱ्या दिवशी वेळ कुठे जातोय ते मोजलं. नकलेत आता काहीच जात नव्हता. सगळा जात होता बेरजांत. पर्याय बनला की १६ गटांचे, हंगामातल्या प्रत्येक दिवसाचे टन पुन्हा मोजायचे. एका गटात पाऊस पडला म्हणून आणखी दोन-तीन गटांतून गव्हाण भरून काढायची, बाकीच्या बारा गटांत काडी हललेली नाही, तरी त्यांच्याही बेरजा नव्याने. कारण सपाट नकलेला काय बदललं ते ठाऊकच नसतं. तिच्या दृष्टीने सगळंच नवं.

वाटून घेतलेल्या तुकड्यांना ते ठाऊक असतं.

गटाएवढं पान

म्हणून कार्यक्रमाचे १६ तुकडे केले, गटाला एक. पर्याय म्हणजे १६ तुकड्यांकडे बोट दाखवणारी छोटी यादी. नवा पर्याय काढायचा तर ही १६ बोटं कॉपी करायची, बस. एखाद्या गटात लिहायची वेळ आली की तो तुकडा माझा एकट्याचा आहे का ते बघायचं. नसेल तर तेवढ्याची नक्कल करून माझ्या यादीत बसवायची आणि मग लिहायचं. एका गटाच्या साधारण २,५०० नोंदी, साडेबारा केबी. पावसाच्या प्रश्नात चारेक गट हलतात, म्हणजे पर्यायाला ५० केबी.

आणि बेरीज करताना: या पर्यायाचा तुकडा आणि मूळ कार्यक्रमाचा तुकडा ही हुबेहूब एकच वस्तू आहे का? तसं असेल तर आत डोकावायचं कारण नाही, जुनी बेरीज घ्या. आतले आकडे ताडून बघायची गरज नाही, दोन्ही बोटं एकाच ठिकाणी जातात एवढं पुरतं. १६ बेरजांच्या जागी चार. खरा वेग इथे मिळाला, आणि कॉपी-ऑन-राइटकडून मी हे मागितलंही नव्हतं.

तुकडा केवढा असावा यावर आम्ही बराच वाद घातला. कर्नलचं पान ४,०९६ बाइटचं, कारण त्या बिचाऱ्याला आपलं गाव ठाऊक नाही. त्याने बांध टाकला तो कुठेही पडतो, दोन शेतकऱ्यांच्या मधोमधसुद्धा. आम्हाला बदल कसा येतो ते माहीत होतं: पाऊस गटात पडतो, टोळी गटात फिरते, चिटबॉय गटाला बांधलेला. मग तुकडाही गटाचाच. गावनिहाय करून बघितलं, तर इतकी बोटं सांभाळण्यातच कमावलेलं जायला लागलं.

फोन

हीच आवृत्ती आम्ही कारखान्यात चाचणीसाठी बसवली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो फोन आला.

पहिलं काम म्हणजे जुनी, संथ आवृत्ती परत लावली. दहा मिनिटं थांबायला लागलं तरी चालेल, पण यादी खरी पाहिजे. चिटबॉयने तोवर पेनाने यादी दुरुस्त केली होती. त्यातल्या एका शेतकऱ्याने उद्याचं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) शेजाऱ्याच्या म्हशींना कबूल करून ठेवलं होतं, त्यामुळे चिटबॉयला ती तोड तोंडपाठ होती. तो म्हणे मशीनवर कधी विसंबलाच नव्हता. त्या सकाळी त्याच्या या स्वभावाचे आभारच मानले.

मला खटकलं ते तीन. ‘समजा’च्या पावसाने त्या गटातल्या दीडशेच्या वर नोंदी ढकलल्या होत्या. मग खऱ्या यादीत झिरपल्या त्या तीनच कशा? सगळ्या झिरपल्या असत्या तर चूक दहा मिनिटांत सापडली असती. तीनने दुपार खाल्ली.

लिहिण्यासाठी आम्ही एकच दार ठेवलं होतं. तिथून गेलं की मालकी तपासली जायची, लागली तर नक्कल व्हायची. पण ‘तोड पुढे ढकल’ हे फंक्शन जुनं, आणि त्यात दोन रस्ते होते. नोंदी विखुरलेल्या असल्या तर त्यांचे क्रमांक घेऊन दारातून लिहायचं. नोंदी यादीत एकाखाली एक लागून असल्या तर मात्र घाईचा रस्ता: तुकड्याचा सलग काप घ्यायचा आणि त्यात थेट पाच मिळवायचे. नम्पायमध्ये सलग काप म्हणजे नक्कल नव्हे. ती त्याच मेमरीकडे बघायची खिडकी असते. क्रमांकांची यादी देऊन उचललं तर मात्र खरी नक्कल मिळते. दिसायला दोन्ही ओळी सख्ख्या बहिणी. ते तीन खोडवे तुकड्यात एकाखाली एक होते, म्हणून खिडकीतून हात घालून आम्ही थेट मूळ कार्यक्रमात पाच दिवस मिळवून आलो.

दिलासा हवा असेल तर असा: २०१६ मध्ये खुद्द लिनक्स कर्नलच्या कॉपी-ऑन-राइटमध्ये भोक सापडलं, नाव पडलं ‘डर्टी काऊ’. दोन धाग्यांच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) शर्यतीत लिहिणं नकलेवर न जाता फक्त-वाचा असलेल्या मूळ फाइलीवर जायचं. २००७ पासून ते तिथे होतं. आमचं तर दोन दिवसांत सापडलं.

उपाय कर्नलकडूनच उचलला. कर्नल कुणाच्या शब्दावर विसंबत नाही, पानाला कुलूप लावून बसतं. आम्ही दारावर विसंबलो होतो आणि भिंत बांधलीच नव्हती. नम्पायच्या रकान्याला ‘लिहिता येईल’ असा एक झेंडा असतो. वाटून दिलेल्या प्रत्येक तुकड्याचा झेंडा खाली केला. आता कुणी चोरवाटेने लिहिलं की तिथल्या तिथे एरर. अर्ध्या दिवसात आणखी तीन चोरवाटा स्वतःहून ओरडत पुढे आल्या. त्यातली एक चाचणीच्या कोडमध्येच होती.

वाटलं, सुटलो. तरी एका चाचणीत मूळ कार्यक्रम पुन्हा हलला, कुलूप असताना! याचं कारण नम्पायच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे, वाचलं नव्हतं आम्हीच: रकान्याला कुलूप लावल्यावर काढलेल्या खिडक्या बंद राहतात, पण कुलपाच्या आधी काढलेली खिडकी उघडीच असते. कार्यक्रम लोड करणाऱ्या कोडने अशी एक खिडकी स्वतःकडे ठेवली होती. मग क्रम बदलला. तुकडा घडवायचा, ताजी नक्कल काढायची, तिला कुलूप लावायचं, मगच बाहेर कुणाच्या हातात द्यायची.

राहिली मालकी. प्रत्येक तुकड्यावर मालक-पर्यायाचा क्रमांक लिहिलेला असे. क्रमांक माझा असेल तर थेट लिहायचं. समजा पर्याय ‘अ’ने एका तुकड्याची नक्कल करून मालकी घेतली, आणि मग ‘अ’वरून ‘ब’ काढला. ‘ब’ लिहायला गेला तर त्याला दिसतं, हा माझा नाही, तो नक्कल करतो. ठीक. पण ‘अ’ लिहायला गेला तर त्याला दिसतं, हा माझाच, आणि तो बिनधास्त लिहितो. ‘ब’च्या पायाखालची जमीन सरकते. धाकट्याला वाटणी दिली आणि थोरला जुन्याच सवयीने त्याच्या रानात नांगर घालतो, तसं. कर्नल शिक्का दोघांच्याही यादीत मारतं ते याचसाठी. कुठेतरी वाचलेलं आणि डोक्यात न शिरलेलं हे वाक्य तेव्हा उमगलं. स्विफ्ट या भाषेत लिहिण्याआधी ‘मी एकटाच धरून आहे ना?’ असं विचारायची सोय आहे. पायथॉनमध्ये तो आकडा भरवशाचा नाही, मधली तात्पुरती बोटंही त्यात येतात. आम्ही सोपं केलं: नवा पर्याय काढला की दोघांनाही नवे क्रमांक. तुकड्यांवर जुनाच क्रमांक राहतो, म्हणजे कुणीच मालक नाही, आणि जो आधी लिहील तो आपली नक्कल करून घेईल. कधीकधी एखादी नक्कल फुकट होते. साडेबारा केबीची. चालेल.

चाचणीच्या आवृत्तीत एक राखणदारही ठेवला. तुकडा वाटून देताना त्याचा चेकसम (आतल्या आकड्यांवरून काढलेली खूण) लिहून ठेवायचा, प्रश्न संपला की पुन्हा काढून ताडायचा. प्रत्यक्ष वापरात तो बंद असतो.

हिशेब

फुशारकी मारायची तर आकडा तयार आहे. आधी एका प्रश्नाला ३०० नकला, प्रत्येकी ५० एमबी, म्हणजे १५ जीबीची उठाठेव. आता ३०० पर्याय, प्रत्येकी ५० केबी, म्हणजे १५ एमबी. हजारपट! विक्रीच्या कागदावर हेच छापायचं, असा एक सूर ऑफिसात निघाला होता.

पण प्रामाणिकपणे मांडायचं तर १५ जीबीवरून ६० एमबीवर आलो ते रकाने वेगळे काढल्यामुळे, आणि ते सुचलं लिहिणाऱ्यांच्या वहीमुळे. कॉपी-ऑन-राइटच्या वाट्याला त्यापुढची चौपट. मेमरीत ती चौपट कुणाला जाणवलीही नसती. जाणवली ती बेरजांत. प्रश्नाचं उत्तर आता अर्ध्या मिनिटाच्या आत येतं. चार प्रोसेसचा मूळ साठा सामाईक राहतो. नवं मशीन घ्यायचा प्रस्ताव कारखान्याच्या टेबलावर होता, तो मागे घेतला. आमच्या धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचं होतं की नाही, यावर अजून एकमत नाही.

जमेला नाही असंही आहे. नवा माणूस आला की त्याला तुकडे, कुलूप आणि क्रमांक समजावायला दोन दिवस जातात. आधीचा कोड कुणीही वाचू शकत होतं. आणि जिथे एकच प्रश्न सगळ्या १६ गटांना हात घालतो, उदाहरणार्थ मिल दोन दिवस दुरुस्तीला थांबली तर सगळा कार्यक्रमच सरकतो, तिथे आमची पद्धत सपाट नकलेपेक्षा किंचित महागच पडते. तसले प्रश्न हंगामात मोजकेच येतात, म्हणून सोडून दिलं.

जानेवारीत एका रात्री खरोखरच अवकाळी झाला, दुसऱ्याच एका गटात. शेतकी अधिकाऱ्यांनी सकाळी प्रश्न विचारला, दोन उत्तरं ताडून बघितली, एक मंजूर केलं. तासाभरात त्याच चिटबॉयचा फोन, या वेळी थेट मला. नंबर त्याने कुठून मिळवला कोण जाणे.

"साहेब, यादी बदललीया. ह्यो पाऊस आमचा का तुमचा?"